मास्टर चार्ट ते एसपीएसएस : वाटेत बदलणाऱ्या माहितीकडे लक्ष द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ जून हा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. २००७ पासून तो देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून राष्ट्रीय उत्पन्न, जनगणना, बेरोजगारी अशा मोठ्या आकड्यांवर लेख येतात, आणि ते यायलाच हवेत. मला मात्र आकडा तयार होण्याच्या बऱ्याच खालच्या पायरीविषयी लिहायचे आहे. एक्सेलमध्ये भरलेली माहिती एसपीएसएस, स्टाटा किंवा आर यांसारख्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची ती पायरी. या कामाला कोणी काम समजत नाही. थिसिसमध्ये त्याच्या वाट्याला एक ओळ येते : ‘माहिती एक्सेलमध्ये भरून एसपीएसएसच्या साहाय्याने विश्लेषण केले.’ त्या एका ओळीत माहितीचे काय काय होते ते मी रोज बघते, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत राहते आणि एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवसंख्याशास्त्र शिकवते. एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरला थिसिस लिहावा लागतो. रुग्णागणिक एक प्रोफॉर्मा, म्हणजे माहितीचा ठरावीक अर्ज, भरायचा आणि शेवटी सगळे प्रोफॉर्मे एका मोठ्या तक्त्यात उतरवायचे. एक आडवी ओळ म्हणजे एक रुग्ण. या तक्त्याला आमच्याकडे मास्टर चार्ट म्हणतात. थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की मुले लॅपटॉप घेऊन दारात उभी राहतात. “मॅडम, मास्टर चार्ट तयार आहे, फक्त एसपीएसएसमध्ये टाकून पी व्हॅल्यू काढायची आहे.” पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, काढायला मिनिटही लागत नाही. तक्ता एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात सुखरूप नेणे हेच खरे काम असते, आणि ते कोणी शिकवलेले नसते.

नेत्ररोग विभागाचा एक मास्टर चार्ट घ्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णाची दृष्टी किती होती, हा अभ्यासाचा गाभा. दृष्टी लिहायची पद्धत चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे : ६/६, ६/९, ६/१२, ६/१८ अशी ६/६० पर्यंत. ६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ नऊ मीटरवरूनही वाचता येते, ती या डोळ्याला सहा मीटरवर आल्यावर वाचता येते. आता एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये ६/९ टाइप करून एंटर दाबा. एक्सेल ती तारीख समजते. संगणकाच्या रिजनल सेटिंगमध्ये भारत निवडलेला असेल तर ६ सप्टेंबर, अमेरिका असेल तर ९ जून. वर्ष कोणते? ज्या वर्षी टाइप केले ते. आणि सेलच्या आत तारीखही राहत नाही, राहतो नुसता दिवसांचा आकडा. भारतीय सेटिंगवर २०२३ मध्ये टाइप केलेले ६/९ म्हणजे ४५१७५. तेच २०२४ मध्ये टाइप केले तर ४५५४१. वॉर्डातल्या दुसऱ्या संगणकावर अमेरिकी सेटिंग राहून गेली असेल तर २०२३ चेच ६/९ तिथे ४५०८६ होते. ६/६० चा तर जून १९६० होतो, कारण ६० तारीख कुठल्याच महिन्यात नसते आणि मग एक्सेल साठला वर्ष समजते.

पडद्यावर ‘६ सप्टें’ दिसले की मुलांच्या लक्षात येते की काहीतरी बिघडले आहे. मग ती कॉलम निवडतात आणि फॉरमॅट बदलून ‘जनरल’ किंवा ‘टेक्स्ट’ करतात. तिथे ६/९ परत येत नाही, ४५१७५ येते. मूळ ६/९ सेलमध्ये कुठेच साठवलेले नसते, ते एंटर दाबले त्याच क्षणी गेलेले असते. हा कॉलम तसाच पुढे गेला की फ्रीक्वेन्सी टेबलमध्ये एकाच दृष्टीचे तीन गट दिसतात, आणि गटांची तुलना करणारी काय स्क्वेअर चाचणी त्यांना तीन निराळे गट मानून निमूटपणे उत्तर देते. सॉफ्टवेअर थांबत नाही की इशारा देत नाही. त्याच्या दृष्टीने ४५१७५ हा अगदी व्यवस्थित आकडा आहे.

बालरोग विभागात हाच प्रकार दोन ठिकाणी होतो. तीन महिन्यांच्या बाळाचे वय डॉक्टर ३/१२ असे लिहितात, त्याची ३ डिसेंबर होते. जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाची तब्येत बघून दिलेले गुण, म्हणजे अपगार स्कोअर, ७/९ असा लिहितात, त्याची ७ सप्टेंबर होते. रक्तदाब १२०/८० मात्र जसाच्या तसा राहतो, कारण त्याची तारीख होऊच शकत नाही. त्यामुळे रक्तदाबाचा कॉलम बघून सगळे ठीक आहे असे वाटते.

यात एक्सेलला दोष देऊन भागणार नाही. ते हिशेबासाठी आणि ऑफिसच्या कामासाठी बनले आहे, आणि ऑफिसात ६/९ लिहिणाऱ्याला बहुधा तारीखच लिहायची असते. टाइप करण्याआधी कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून ठेवला तर यातले काहीही होत नाही. त्याहून चांगले म्हणजे अपगारचे दोन कॉलम करायचे, वय महिन्यांत लिहायचे आणि दृष्टी लॉगमार पद्धतीने, म्हणजे एकाच दशांश आकड्यात, नोंदवायची. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आपोआप होणारे काही बदल बंद करण्याची सोय दिली आहे. आकड्याच्या सुरुवातीची शून्ये आणि लांबलचक क्रमांक त्यामुळे वाचतात, पण तिरक्या रेघेच्या आकड्यांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. वेळ फार लागत नाही, फक्त हे टाइप करायच्या आधी करावे लागते. माझ्याकडे मुले येतात ती टाइप करून झाल्यावर.

सुरुवातीच्या शून्यांचे म्हटले, तर रुग्णाचा आंतररुग्ण क्रमांक ०००४५१२ असेल तर एक्सेल त्याचे ४५१२ करते. पॅथॉलॉजीच्या यादीत तोच क्रमांक शून्यांसकट असतो. दोन याद्या जोडायला गेलो की रुग्ण जुळत नाहीत. प्रयोगशाळेचा बारकोड सोळा आकडी असेल तर सोळावा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे नेमके धरते. असे दोन रुग्ण शेवटच्या आकड्यापुरते वेगळे असतील तर ते एकच होऊन बसतात. आणि हे व्हायला काही टाइपही करावे लागत नाही. आरमधून अगदी बरोबर निघालेली सीएसव्ही फाइल (कॉलम स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) कोणी नुसती बघायला म्हणून एक्सेलमध्ये उघडली आणि बंद करताना ‘सेव्ह’ म्हटले, तरी पुरते.

तारखांचा विषय आणखी खोल आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर तारीख म्हणून एक आकडाच साठवते, पण मोजायला सुरुवात कुठून करायची हे प्रत्येकाचे वेगळे. एक्सेल १ जानेवारी १९०० ला एक म्हणते. स्टाटा आणि सॅस हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर १ जानेवारी १९६० ला शून्य म्हणतात, आर १ जानेवारी १९७० ला. एसपीएसएस तर १४ ऑक्टोबर १५८२ पासून मोजते, तेही दिवस नव्हे, सेकंद. कारण ग्रेगरियन कालगणना त्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला सुरू झाली. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख एक्सेलमध्ये १७३९४ असते. हा आकडा नुसता आकडा म्हणून स्टाटात नेला आणि त्याला तारखेचा फॉरमॅट लावला तर स्टाटा १६ ऑगस्ट २००७ दाखवते. साठ वर्षे आणि वर एक दिवस. जुन्या मॅकवर बनलेल्या काही एक्सेल फाइलींत मोजणी १९०४ पासून असते, तिथे १,४६२ दिवसांचा फरक पडतो. दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख दोन्ही सारख्याच सरकल्या तर रुग्णालयातला मुक्काम बरोबरच निघतो आणि कोणाला शंका येत नाही. जन्मतारखेवरून काढलेले वय तेवढे चुकते.

प्रत्यक्षात जास्त त्रास होतो तो दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीचा. रुग्ण ३ मे रोजी दाखल झाला आणि ९ मे रोजी घरी गेला. प्रोफॉर्म्यावर ०३/०५ आणि ०९/०५ लिहिले आहे. अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर त्याचे ५ मार्च आणि ५ सप्टेंबर होते. सहा दिवसांचा मुक्काम १८४ दिवसांचा होतो. तोच रुग्ण १३ मे रोजी घरी गेला असता तर १३ वा महिना नसल्यामुळे ती नोंद तारीख न होता अक्षरे म्हणून राहिली असती आणि एसपीएसएसमध्ये रिकामी दिसली असती. म्हणजे एकाच कॉलममध्ये महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचे रुग्ण चुकीच्या तारखेने आत येतात आणि बाकीचे गळून जातात. १८४ दिवस डोळ्यांना खुपतात म्हणून सापडतात. ४ मे ते ५ मे असा एक दिवसाचा मुक्काम ५ एप्रिल ते ५ मे असा तीस दिवसांचा होतो, तो हाडाच्या वॉर्डात कोणाला खटकणार?

हे फक्त आमच्या गावात किंवा गडबडीत लिहिलेल्या थिसिसमध्ये होते असे कोणी समजू नये. २०२० च्या शरद ऋतूत, कोविडची दुसरी लाट चढत असताना, इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीत आलीच नाही. प्रयोगशाळा आपले निकाल सीएसव्ही फाइलींतून पाठवत होत्या. पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये ते एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतले जात होते. त्या साच्याला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे. नव्या एक्सएलएसएक्स साच्यात १०,४८,५७६ ओळी मावतात. बीबीसीच्या बातमीनुसार एका रुग्णाच्या निकालाला अनेक ओळी लागत असल्याने एका फाइलमध्ये जेमतेम १,४०० रुग्ण मावत होते. पुढचे कापले गेले. बाधितांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढणाऱ्यांकडे ही नावे वेळेवर पोहोचली नाहीत. साथीच्या ऐन चढणीत ते दिवस हातचे गेले.

जनुकशास्त्राची कथा तर अनेक वर्षे चालली. जनुकांना सेप्ट२, मार्च१ अशी छोटी नावे होती, आणि एक्सेल त्यांचे २ सप्टेंबर, १ मार्च करत होते. ही अडचण २००४ मध्येच छापून आली होती. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नामांकित नियतकालिकांतल्या लेखांसोबत दिलेल्या एक्सेल याद्या तपासल्या, तेव्हा जनुकांच्या याद्या असलेल्या लेखांपैकी सुमारे एक पंचमांश लेखांत ही चूक निघाली. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली, सेप्टचे सेप्टिन केले. जगातल्या शास्त्रज्ञांना ज्याच्यापुढे हात टेकावे लागले, ते छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेल्या एकट्या रेसिडेंटने आपोआप सांभाळावे अशी अपेक्षा आपण करतो.

मराठी माहितीच्या वाटेत आणखी खड्डे आहेत, आणि त्यांच्याबद्दल इंग्रजी पुस्तकांत काही सापडत नाही. सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाची मुले खेड्यांत जाऊन सर्वेक्षण करतात, गावांची नावे मराठीत भरतात. एक्सेलमधून साधी सीएसव्ही म्हणून फाइल साठवली की सगळी नावे प्रश्नचिन्हे होतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा लागतो. काही जण अंकही मराठीत टाइप करतात. माणसाला तो ३५ दिसतो, पण आर त्याला आकडा मानत नाही आणि ती जागा रिकामी धरते. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असतील तर फॉन्ट काढल्यावर खाली निव्वळ निरर्थक रोमन अक्षरे उरतात.

सर्वांत छुपी अडचण मला कऱ्हाड तालुक्याच्या एका यादीत भेटली. एका शीटमध्ये गावनिहाय लोकसंख्या, दुसऱ्यात लसीकरण. दोन्हींत तालुक्याचे नाव ‘कऱ्हाड’, पडद्यावर हुबेहूब सारखे. जोडायला गेले तर एकही ओळ जुळेना. आपला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरते. आपल्याला ते एकच अक्षर आहे, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. अशा ओळी जोडणीत गळतात आणि तालुक्याची लसीकरणाची टक्केवारी आहे त्याहून वेगळी निघते. दुसऱ्या कोणाच्या कामात हे झाले तर त्याला कारण सापडेलच असे नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले.

म्हणून गावे आणि जिल्हे नावाने न जोडता क्रमांकाने जोडावेत. जनगणनेने प्रत्येक राज्याला, जिल्ह्याला आणि गावाला क्रमांक दिलेला आहे. महाराष्ट्राचा २७ आहे. तो टेक्स्ट म्हणून ठेवावा, नाहीतर उत्तर प्रदेशचा ०९ लगेच ९ होतो. नावांचा भरवसा तसाही धरता येत नाही. २०११ च्या जनगणनेत आपले जिल्हे ३५ होते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. पुढे उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. जुनी आणि नवी यादी नावाने जोडणाऱ्याच्या हातून हे जिल्हे गळतात, आणि राज्याची सरासरी बाकीच्या जिल्ह्यांवर निघते.

आपले लाखाचे स्वल्पविरामही सांभाळावे लागतात. १,२५,००० असे उत्पन्न सीएसव्हीत अवतरण चिन्हांशिवाय गेले तर एका कॉलमचे तीन कॉलम होतात आणि त्यापुढची सगळी ओळ उजवीकडे सरकते. अवतरणात गेले तर आकड्याऐवजी अक्षरे म्हणून बसते.

आता रिकाम्या जागा. हिमोग्लोबिन तपासले गेले नाही तर एक जण सेल रिकामा ठेवतो, दुसरा शून्य लिहितो, तिसरा रेघ मारतो, चौथा ९९ लिहितो. शंभर रुग्णांपैकी ९५ जणांचे सरासरी हिमोग्लोबिन ११ आहे आणि पाच जणांच्या जागी ९९ लिहिले आहे असे समजा. ९९ म्हणजे ‘माहिती नाही’ हे सॉफ्टवेअरला सांगायचे राहिले की सरासरी १५.४ येते. रक्तक्षय असलेल्या बायकांचा गट कागदावर ठणठणीत होतो. स्टाटात रिकामी जागा कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जाते, त्यामुळे ‘१२ पेक्षा जास्त हिमोग्लोबिन असलेले मोजा’ अशी आज्ञा दिली की ज्यांची तपासणीच झाली नाही तेही मोजले जातात. उलट दिशाही आहे. एक्सेल वाचणारे आरमधले एक लोकप्रिय पॅकेज पहिल्या हजार ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवते. त्या हजार ओळी रिकाम्या असतील तर पुढे आलेल्या खऱ्या तारखा किंवा अक्षरांतल्या नोंदीही ते टाकून देते. इशारा देते, पण तांबड्या अक्षरांतला इशारा वाचायची सवय लागते कुठे? रंगांचेही तसेच. ‘मॅडम, लाल केलेले पॉझिटिव्ह आहेत’ असे मुले सांगतात. रंग पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये जात नाही. तक्त्याखालची ‘एकूण’ची ओळ मात्र जाते, आणि एकशे एकावा रुग्ण होऊन बसते.

परतीच्या वाटेवर अर्थ हरवतो. एसपीएसएसमध्ये १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री असे लेबल दिलेले असते. फाइल एक्सेलमध्ये साठवताना लेबलांचा पर्याय निवडला नाही तर नुसते १ आणि २ उरतात. मूळ मुलगा पास होऊन गावी गेला, आणि पुढच्या बॅचच्या मुलीने तेच काम पुढे नेताना १ म्हणजे स्त्री धरले, तर चूक दाखवून द्यायला कोणी उरत नाही. मोठ्या संस्था हे जाणतात. राष्ट्रीय नमुना पाहणीची कच्ची माहिती मिळते तेव्हा कोणता आकडा कितव्या स्थानावर आहे आणि त्याचा अर्थ काय, याचा तक्ता सोबत येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती एसपीएसएस, स्टाटा आणि सॅस अशा तिन्ही रूपांत लेबलांसकट मिळते. आमच्या मुलांच्या फाइलीसोबत असा कागद जवळपास कधीच नसतो.

माझे मागणे साधे आहे. हाताने भरलेली पहिली एक्सेल फाइल गोठवून ठेवावी, तिच्यात कोणी एक अक्षरही बदलू नये, सगळी दुरुस्ती प्रतीवर करावी. तिच्यासोबत एक कोडबुक असावे, म्हणजे प्रत्येक कॉलमचे नाव, एकक, आकड्यांचे अर्थ आणि रिकाम्या जागेची खूण. फाइल सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचे आणि दुरुस्तीचे काम माउसने न करता लिहिलेल्या आज्ञांनी करावे. एसपीएसएसमध्ये बहुतेक खिडक्यांवर ‘पेस्ट’ बटण असते, ते दाबले की केलेले काम सिंटॅक्स म्हणून लिहून मिळते. स्टाटात डू-फाइल असते, आरमध्ये स्क्रिप्ट. हा लेखी पुरावा असला की चूक कुठे झाली ते शोधता येते. आणि पी व्हॅल्यूकडे वळण्याआधी ओळी मोजाव्यात, प्रत्येक कॉलमची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत बघावी, चार-पाच केस पेपर काढून पडद्यावरच्या ओळीशी ताडून बघावेत. एसपीएसएसचे लायसन्स परवडत नाही म्हणून चोरीची प्रत वापरण्याचीही गरज नाही. आर, जामोवी, पीएसपीपी ही मोफत आहेत आणि थिसिसला पुरून उरतात.

मुलांना वेळ नसतो हे मला मान्य आहे. ओपीडी, इमर्जन्सी, रात्रपाळ्या यांतून ती जेमतेम झोपतात. पण मास्टर चार्ट सुरुवातीला नीट आखला तर शेवटी वेळ वाचतो. टाइप करून देणाऱ्या दुकानदाराकडे फाइल गेली, तिथून व्हॉट्सअॅपवर गाइडकडे, तिथून माझ्याकडे, अशी तिची चार रूपे होतात आणि खरी कोणती ते ठरवण्यात आठवडा जातो. त्या प्रवासात रुग्णाचे नाव आणि मोबाइल क्रमांकही गावभर फिरतो, जो मास्टर चार्टमध्ये मुळात नसायलाच हवा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे, तो चांगलाही आहे. पण ऐकून आणि परीक्षा देऊन हाताला सवय लागत नाही. स्वतःच्या विषयातल्या दहा रुग्णांची माहिती एक्सेलमध्ये भरून, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन आणि मूळ कागदाशी ताडून बघण्याचे प्रात्यक्षिक सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) मंजूर होण्याआधी प्रत्येकाकडून करून घ्यावे. दोन तासांचे काम आहे.

थिसिसच्या शेवटी मास्टर चार्ट बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो कोणी वाचत नाही, वाचता येतही नाही. त्याऐवजी ओळख पुसलेली मूळ फाइल, कोडबुक आणि आज्ञांची फाइल विद्यापीठांनी थिसिससोबत घ्यावी. फाइल हाती आली तर काय होऊ शकते त्याचे उदाहरण आहे. कर्ज जास्त असलेल्या देशांची वाढ खुंटते असे सांगणारा रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध जगभरच्या सरकारांनी पुढे केला होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ लेखकांकडून त्यांची एक्सेल फाइल मागून घेतली, आणि त्यात पाच देश सरासरीच्या सूत्रातून सुटलेले त्याला दिसले. ही आणि इतर काही दुरुस्ती केल्यावर उणे ०.१ टक्का हा वाढीचा दर अधिक २.२ टक्के निघाला. हे २०१३ मध्ये जाहीर झाले. लेखकांनी फाइल दिली हेही तितकेच मोलाचे.

आमच्या रुग्णालयात येणारी माणसे जत, आटपाडी, शिरोळ अशा भागांतून येतात, कोणी सीमेपलीकडच्या गावांतून. संमतीपत्र वाचून दाखवल्यावर त्यातली कित्येक अंगठा उठवतात. ‘माझ्या तपासणीचा दुसऱ्या कोणाला उपयोग होणार असेल तर घ्या’ असे म्हणून रक्त देतात. त्यांनी जे दिले ते जसेच्या तसे निष्कर्षापर्यंत पोहोचवणे ही आमची जबाबदारी आहे. एथिक्स कमिटी संमतीपत्रावरची सही तपासते, ते योग्यच आहे. त्या सहीपुढच्या आकड्यांचे पुढे काय झाले हेही तिने विचारावे.

परीक्षकांना माझी विशेष विनंती आहे. थिसिसवर तोंडी परीक्षा घेताना पहिला प्रश्न पी व्हॅल्यूवर विचारू नका. विद्यार्थ्याला लॅपटॉप उघडायला सांगा, आपण बोट ठेवू त्या रुग्णाची ओळ मूळ फाइलमध्ये दाखवायला सांगा, आणि मग तीच ओळ विश्लेषणाच्या फाइलमध्ये शोधायला सांगा. असे विचारले जाते हे एका बॅचला कळले की पुढच्या बॅचचे मास्टर चार्ट आपोआप सुधारतील.

आपली नम्र,
जीवसंख्याशास्त्राची एक शिक्षिका,
मिरज, जि. सांगली